एकट्यानें युरोप पाहावयाचा तर

युरोपची सफर म्हटली कीं आमच्या घरांतून अद्यापि दोनच चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. एक, प्रवास-कंपनीच्या मोटारींत पन्नास माणसांनीं बसून दहा दिवसांत सात देश ‘करून’ येणें. आणि दुसरें, नोकरीसाठीं तिकडे गेलेल्या मुलाच्या बिऱ्हाडीं आईबापांनीं दोन महिने राहून येणें. अलीकडे या दोहोंच्या जोडीला तिसरें एक चित्र येऊन बसलें आहे व तें घरोघरीं वादाचा विषय झालें आहे. घरांतील मुलगी किंवा मुलगा, क्वचित् चाळिशी उलटलेली सून, क्वचित् नुकतेच सेवानिवृत्त झालेले काका म्हणतात, “मी एकटाच जाऊन येतों, चार शहरें निवांतपणें पाहतों, आणि खर्चही बेतानें करतों.” आजी विचारते, “एकट्यानें कशाला?” वडील विचारतात, “पैसे किती?” आणि विषय बहुधा तेथेंच थांबतो.

आम्हांस विचाराल तर हे दोन्ही प्रश्न अगदीं रास्त आहेत. रास्त नाहीं तें इतकेंच कीं, त्यांचीं उत्तरें कागदावर मांडून पाहण्यापूर्वींच होकार किंवा नकार देऊन टाकण्यांत येतो. या वादाला आमच्या समाजांत जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२८ सालीं इरावतीबाई कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठीं बर्लिनला जावयास निघाल्या, तेव्हां त्यांचे पति दिनकरराव पूर्णपणें अनुकूल होते. परंतु स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचलेले त्यांचे सासरे महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा मात्र या बेतास विरोध होता. पैशाची तोंडमिळवणी जीवराज मेहता यांनीं दिलेल्या कर्जानें झाली. दोन वर्षांत डॉक्टरची पदवी मिळवून बाई परत आल्या. महर्षींना दोष देण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. त्यांच्यासारख्या पुरुषाच्या मनांत शंका आली, तर तुमच्याआमच्या घरांतील वडिलांच्या मनांत ती आल्यास त्यांना कोणीं मागासलेले म्हणूं नये, एवढाच आमचा मुद्दा आहे. त्या वेळींही अडचणी दोनच होत्या, संमति आणि पैसा; आजही त्याच आहेत. आणि नीट आंखलेला एक कागद या दोहोंवर बराच गुणकारी ठरतो, असा आमचा समज आहे. तो कागद कसा आंखावा हें येथें पाहूं.

नकाशा पुढें घेऊन पॅरिस, रोम, बार्सिलोना, ॲम्स्टरडॅम अशीं ऐकलेलीं नांवें आधीं निवडावयाचीं आणि मग त्यांना जोडण्यासाठीं स्वस्त विमानें धुंडावयाचीं, हा बहुतेकांचा क्रम असतो. हा क्रम उलटा करावा. आधीं एक लोहमार्ग निवडावा आणि त्यावर जीं शहरें येतील तीं पाहावीं. उदाहरणार्थ बर्लिन, प्राग, व्हिएन्ना व बुडापेस्ट हीं चार राजधानीचीं शहरें एका दोऱ्यांत ओंवल्यासारखीं आहेत. बर्लिनची गाडी ड्रेस्डेनवरून साधारण साडेचार तासांत प्रागला पोंचते. प्रागहून व्हिएन्ना चार तास, आणि व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या सुमारास. यांपैकीं शेवटचीं तीन शहरें १९१८ पर्यंत एकाच साम्राज्यांत मोडत होतीं, त्यामुळें त्यांच्यामधील लोहमार्ग जुना व रुळलेला आहे. ड्रेस्डेन सोडल्यावर कांहीं वेळ गाडी एल्ब नदीच्या कांठाकांठानें जाते. त्या वेळीं डाव्या हाताची खिडकी मिळाली तर कडे, झाडी व नदी यांचें जें दर्शन घडतें त्यासाठीं वेगळें तिकीट पडत नाहीं.

गाडीचा दुसरा लाभ असा कीं, ती शहराच्या पोटांत उतरविते. स्वस्त विमानाचें तिकीट पाहून हुरळणाऱ्यांनीं तें विमान कोठें उतरतें हें आधीं पाहावें. पॅरिसचा म्हणून सांगितला जाणारा बोव्हे येथील विमानतळ पॅरिसपासून सुमारें ८० किलोमीटर दूर आहे. म्हणजे मुंबईचें तिकीट काढून कर्जतच्या जवळपास उतरण्यासारखें झालें. त्यांत बॅगेचे पैसे निराळे. दोन मिळून जो आंकडा होतो तो पुष्कळदां रेल्वेहून अधिक असतो, आणि अर्धा दिवस जातो तो वेगळाच.

हा अर्धा दिवसच खर्चाच्या अंदाजपत्रकांत कोणी धरीत नाहीं. समजा, बारा रात्रींचा प्रवास आहे. सात शहरें घेतलीं तर सहा वेळां गांव बदलावें लागतें. सामान बांधणें, स्टेशन गांठणें, गाडी, नव्या गांवीं मुक्काम शोधणें यांत दर वेळीं निदान अर्धा दिवस मोडतो. म्हणजे तीन दिवस गेले. चार शहरें घेतलीं तर दीडच दिवस जातो. शिवाय गांव बदलण्याच्या दिवशीं माणूस दमलेलें असतें, आणि दमलेल्या माणसाचा हात सैल सुटतो. तें टॅक्सी करतें, स्टेशनवरचें महागडें जेवण घेतें. एकट्यास तर ‘तूं सामानापाशीं बस, मी तिकीट काढून येतों’ असें म्हणावयास जोडीदार नसतो. तेव्हां एक शहर कमी करणें ही या प्रवासांतील सर्वांत मोठी काटकसर होय, आणि तींत पोटाला चिमटा घ्यावा लागत नाहीं.

विमानाचें तिकीट काढतांना बर्लिनला जाऊन बर्लिनहूनच परत येण्याचा आग्रह धरूं नये. जातांना मुंबई ते बर्लिन आणि येतांना बुडापेस्ट ते मुंबई असें एकच जोडतिकीट काढतां येतें. त्यामुळें आलेल्या वाटेनें हजारभर किलोमीटर मागें जाण्याचा खर्च वांचतो. रेल्वेच्या पासाविषयींही दोन शब्द. ‘इंटररेल’ हा पास युरोपांत राहणाऱ्यांसाठीं आहे. आपल्यासाठीं असतो तो ‘युरेल’. सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना व साठी गांठलेल्यांना त्यांत सवलत मिळते. परंतु आम्हीं वर सांगितलेल्या मार्गांत गाडीचे मोठे टप्पे अवघे तीन आहेत, आणि तीं तिकिटें दीड-दोन महिने आधीं काढलीं तर बहुधा पासापेक्षां स्वस्त पडतात. पास घेण्यापूर्वीं ही बेरीज स्वतः करून पाहावी.

आतां व्हिसा. पुष्कळांना ही केवळ सरकारी कटकट वाटते. आम्हांस ती एका अर्थीं उपकारक वाटते. कारण घरच्या वडिलांनीं विचारावे तेच प्रश्न ती कचेरी विचारते. कोठें राहणार? किती दिवस? पैसे कोठून येणार? आजारी पडल्यास काय? शेंगेन नांवाच्या व्यवस्थेंत आज २९ देश असून एका व्हिसावर त्या सर्वांत फिरतां येतें. मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. इंग्लंड व आयर्लंड त्यांत नाहींत. त्यांचा व्हिसा निराळा, म्हणून बेताच्या खर्चांत लंडन जोडण्याचा मोह आवरावा. अर्ज कोणत्या देशाकडे करावयाचा यासाठीं नियम आहे: जेथें अधिक दिवस राहणार त्याच्याकडे, दिवस सारखे असल्यास जेथें प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. चारही शहरांत तीन-तीन रात्रीं ठेवल्यास अर्ज जर्मनीकडे जातो; व्हिएन्नांत एक रात्र वाढवून दुसरीकडे कमी केली तर तो ऑस्ट्रियाकडे जाईल. म्हणजे दिवसांची वांटणी आधीं पक्की पाहिजे.

प्रौढ माणसास फी ९० युरो असून व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाहीं. वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधींपासून करतां येतो. पंधरा दिवसांहून कमी वेळ राहिला तर चालत नाहीं. निकाल साधारणपणें पंधरा दिवसांत लागतो, पण ४५ दिवसही लागूं शकतात. उन्हाळ्याच्या दिवसांत अर्ज देण्यासाठींची भेटीची वेळसुद्धां लवकर मिळत नाहीं. तेव्हां तीन महिने हातीं ठेवावे हें उत्तम. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा व त्यांत दोन पानें कोरीं हवींत. व्हिसा हातीं पडण्यापूर्वीं पैसे परत न मिळणारें तिकीट कदापि काढूं नये. मुक्कामही रद्द करतां येण्याजोगेच ठरवावे. घरांतील पैशाची खरी नुकसानी होते ती येथें; तिकडे कॉफीचा पेला महाग मिळाला म्हणून नव्हे.

मुक्कामाचा खर्च एकट्यास सर्वांत जड जातो, कारण हॉटेलची खोली माणशीं नसून खोलीप्रमाणें असते, आणि भाडें वांटून घेण्यास दुसरें कोणी नसतें. यावर उपाय म्हणजे हॉस्टेल, जेथें खोलीऐवजीं खाट भाड्यानें मिळते. नांव ऐकतांच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आंठी पडते, म्हणून या संस्थेचा जन्म कसा झाला हें सांगणें बरें. रिशार्ड शिरमन नांवाचा एक जर्मन शाळामास्तर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायीं सहलीस जात असे. १९०९ च्या ऑगस्टांत अशाच एका सहलींत वादळानें गांठलें, आणि सर्वांना एका खेडेगांवच्या शाळेंत पेंढ्यावर रात्र काढावी लागली. सुटींत रिकाम्या पडलेल्या शाळांतून फिरतीवरच्या मुलांची निजण्याची सोय कां होऊं नये, असा विचार त्या रात्रीं त्याच्या मनांत आला. १९१२ सालीं आल्टेना येथील जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें वसतिगृह निघालें. आज तीं जगभर पसरलीं आहेत. मास्तरच्या डोक्यांतून निघालेली ही कल्पना आमच्या वाचकांना परकी वाटूं नये. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत दिवस काढलेलीं माणसें आमच्या दर घरांत एखाददुसरें असतेंच.

केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं सांगतों: खाटेला रात्रीस ३५ युरो धरले तर बारा रात्रींचे ४२० होतात, हॉटेलच्या खोलीस ९० धरले तर १,०८०. फरक ६६० युरोंचा. परंतु बाराही रात्रीं सहा-आठ परक्यांच्या घोरण्यांत काढणें सर्वांना मानवत नाहीं, आणि झोंप न झालेलें एकटें माणूस चुका करतें. म्हणून आमचा सल्ला असा कीं, नऊ रात्रीं खाट आणि मधून मधून तीन रात्रीं स्वतंत्र खोली घ्यावी. त्याचे वरच्याच दरानें ५८५ युरो होतात. १६५ युरो अधिक गेले, पण अंग धुऊन, कपडे वाळवून, दार लावून निजतां आलें. स्त्रियांसाठीं वेगळ्या खोल्या पुष्कळ हॉस्टेलांतून असतात. कांहीं ठिकाणीं वयाची अट असते. काकांनीं ती आधीं वाचावी. कुलूप स्वतःचें न्यावें.

आणखी एका ठिकाणीं काटकसर करूं नये. नव्या शहरांत उतरणें नेहमीं दिवसां असावें, मग ती गाडी पांच-सात युरोंनीं महाग कां असेना. येथें ऋतूचाही संबंध येतो. डिसेंबरांत बर्लिनला दुपारीं चारच्या आधींच सूर्य मावळतो. जूनमध्यें रात्रीं नऊ वाजून गेल्यावरही उजेड असतो. हिंवाळ्यांत मुक्काम स्वस्त म्हणून जाणाऱ्यास दिवसाकाठीं आठच तासांचा उजेड मिळतो. गर्दी, भाव व उजेड या तिहींचा मेळ मेचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध यांत चांगला जमतो. रात्रीच्या गाडीनें जाऊन मुक्कामाचे पैसे वांचवावे असेंही कांहीं सांगतात. ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या ‘नाइटजेट’ गाड्यांत स्त्रियांसाठीं वेगळा कप्पा मागून घेतां येतो, ही सोय खरोखर चांगली आहे. परंतु नुसत्या बसण्याच्या जागेवर रात्र काढणें ही काटकसर नव्हे. दुसरा दिवस पेंगण्यांत जातो.

जेवणाचें काय, हा आमच्या घरांतला तिसरा प्रश्न. आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ घरांत तो पहिलाच असतो. आईनें डबे भरण्यापूर्वीं एक नियम ध्यानांत घ्यावा. युरोपीय संघाबाहेरून दूध व मांस यांचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना बंदी आहे. तेव्हां तुपाची बरणी आणि खव्याचे पेढे घरींच राहिलेले बरे. ताजीं फळें, भाज्या व पाला यांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो, म्हणून कढीलिंबाची जुडीही नको. गंमत अशी कीं केळें व नारळ यांना या नियमांतून सूट आहे! मेतकूट, भाजलेले पोहे व कोरडी चटणी मात्र अवश्य द्यावी. बहुतेक हॉस्टेलांतून सामाईक स्वयंपाकघर असतें. एक वेळ मुगाची खिचडी शिजवून घेतली तर पोट व पैसा दोन्ही जागेवर राहतात.

बाहेर खावयाचें तें दुपारीं. प्राग व व्हिएन्ना येथें कामाच्या दिवशीं दुपारचें ठराविक जेवण रात्रीच्या मानानें बरेंच स्वस्त मिळतें. प्रागला तळलेल्या चीजचा एक पदार्थ सर्वत्र असतो, बर्लिनमध्यें फलाफल गल्लोगल्लीं मिळतो. शाकाहारी माणसानें सूप घेतांना मात्र विचारावें. भाजीचें दिसणारें सूपही पुष्कळदां मांसाच्या पाण्यांत केलेलें असतें. जर्मनी व ऑस्ट्रियांत रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात, म्हणून शनिवारीं सायंकाळीं दूध-पाव आणून ठेवावा, नाहीं तर स्टेशनवरच्या दुकानाचे भाव मोजावे लागतात. आणि व्हिएन्नांत पाण्याची बाटली विकत घेणाऱ्यास आम्ही उधळ्याच म्हणूं. त्या शहराला १८७३ पासून आल्प्स पर्वतांतील झऱ्यांचें पाणी नळानें येतें. तें आपल्या बाटलींत भरून घ्यावें.

त्याच व्हिएन्नांत सरकारी ऑपेरागृहांत उभें राहून पाहण्याच्या जागा असतात, आणि त्यांचें तिकीट बैठकीच्या तिकिटाच्या अगदीं लहानशा अंशांत मिळतें. आमच्या मंडळींनीं संगीत नाटकें मागच्या बाजूला उभीं राहून ऐकलेलीं आहेत. त्यांना याचें कांहींच वाटणार नाहीं. बर्लिनच्या संसदगृहाच्या कांचेच्या घुमटावर फुकट जातां येतें, मात्र आधीं नांव नोंदवावें लागतें. प्रागचा १३५७ सालीं बांधावयास घेतलेला चार्ल्स पूल पहाटे पाहावा. दहा वाजतां तेथें जत्रा भरते. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नाहून तासाभराच्या वाटेवर आहे, तेथें सकाळीं जाऊन संध्याकाळीं परत येतां येतें. देश एक वाढतो, मुक्काम वाढत नाहीं.

पैशाच्या बाबतींत एक फसगत फार होते. या मार्गावर नाणें तीनदां बदलतें: जर्मनीत युरो, प्रागला कोरुना, ऑस्ट्रियांत पुन्हां युरो आणि हंगेरींत फोरिंट. कार्ड यंत्रांत घातल्यावर तें यंत्र मोठ्या आपुलकीनें विचारतें, ‘रुपयांत घेऊं काय?’ उत्तर नेहमीं ‘नको’ असेंच द्यावें व तेथल्याच चलनांत पैसे द्यावे. रुपयांचा तो भाव यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो. प्राग व बुडापेस्टच्या ट्राममध्यें कागदी तिकीट नुसतें विकत घेऊन भागत नाहीं, यंत्रांत घालून त्यावर शिक्का उठवावा लागतो. बिनशिक्क्याचें तिकीट म्हणजे बिनतिकीट, आणि तपासनीस पाहुण्याची सबब ऐकत नाहीं. दोन कार्डें दोन ठिकाणीं ठेवावीं. दोन रात्रींची हॉटेलची खोली व एका लांबच्या गाडीचें तिकीट भागेल एवढी रक्कम बाजूला काढून तिला हात लावूं नये. एकट्या माणसाचा जोडीदार म्हणजे ही रक्कम.

घरीं काय ठेवून जावें? रोजचा मुक्काम, त्याचा पत्ता, गाडीची वेळ, विम्याचा क्रमांक व पासपोर्टाची प्रत, एवढा कागद देवघराजवळच्या फडताळांत असला म्हणजे पुरे. युरोपीय संघांत संकटकाळीं कोठेंही ११२ हा क्रमांक लावावा. भारताचा दूतावास या चारही शहरांत आहे. रोज एकदां निरोप करावयाचा तर वेळ आधीं ठरवावी. उन्हाळ्यांत तिकडची घड्याळें आपल्यामागें साडेतीन तास व हिंवाळ्यांत साडेचार तास असतात. इकडे रात्रीचे दहा वाजले म्हणून आजी काळजी करीत बसते, तेव्हां तिकडे साडेसहा झालेले असतात व पोरगी डॅन्यूबच्या पुलावर उभी असते. तिकडच्या सकाळीं नऊचा निरोप ठरविला तर इकडे दुपारची जेवणें आटोपत आलेलीं असतात आणि सगळ्यांनाच सोयीचें पडतें.

बुडापेस्टला पोंचेपर्यंत हात बसलेला असतो. तेथली १८९६ सालीं सुरू झालेली भुयारी रेल्वे युरोप खंडाच्या भूमीवरील पहिली होय. तिच्या लहानशा डब्यांतून जावें, गरम पाण्याच्या झऱ्यांवर बांधलेल्या स्नानगृहांत एक दुपार घालवावी. फोरिंटाचीं नाणीं आपल्याकडे कोणी बदलून देत नाहीं. तेव्हां खिशांतल्या सुट्या पैशांचा शेवटच्या सायंकाळीं लांगोश घ्यावा. ती आपल्या भटुऱ्याची थोरली बहीणच म्हणावी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलें चीज. आणि उरलेलें एखादें नाणें घरच्या लहान मुलांसाठीं आणावें.